घरातला चालता अंगठा

आमच्या घरात मशीनवर चालणारा अंगठा एकच होता, आणि तो माझा होता. हे मी मिरवायला सांगत नाही. रेशनच्या दुकानात होतं तसं सांगते आहे. नवऱ्याचं हायवेलगत मोटरसायकलींचं गॅरेज आहे, कासा सोडून तलासरीकडे निघालं की डाव्या हाताला. बारा वर्षं पाने फिरवून आणि तापलेले सायलेन्सर धरून त्याच्या बोटांवर रेघ म्हणून उरलेली नाही. सासूने जन्मभर भाताची लावणी केली, निंदणी केली, वर घरातली सगळी भांडी राखेने घासली. तिचा अंगठा मशीनने कधी ओळखलाच नाही. मुलगी चार वर्षांची, तिचा अंगठा अजून सरकारच्या खिजगणतीत नाही. घरचं भात होळीपर्यंत पुरतं. पुढे रेशनचा तांदूळ, म्हणजे माझा अंगठा. होळीनंतर दर महिन्याला मी तो टेकवायचे, मशीन हिरवं व्हायचं आणि चौघं जेवायचो.

त्यात तो कॅन आला. वापीहून एक माणूस गॅरेजवाल्यांना ग्रीस काढायचं केमिकल आणून देतो. डीग्रीजर म्हणतात त्याला. जांभळ्या रंगाचं, पाच लिटरच्या कॅनमध्ये. नवरा त्याने इंजिनं धुतो. एकदा त्याने बाटलीभर घरी आणलं, दारातली मोटरसायकल धुवायला. धुऊन झाल्यावर तळाशी थोडं उरलं होतं. टाकायचं कशाला म्हणून मी ते गॅसच्या शेगडीवर ओतलं. ही शेगडी माझ्या लग्नात आली. तिचा मूळ रंग निळा आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग मी थांबते कसली, दर महिन्याला अख्खा कॅनच घरी मागवायला लागले. पंख्याची पाती झाली. दाराच्या कडीभोवतीचा हातांचा काळा पट्टा गेला. प्लास्टिकच्या खुर्च्या, मिक्सरच्या खालची चिकट फरशी, चिकूचा चीक बसलेला कोयता, सगळं निघालं. समईत घट्ट झालेलं तेल काढायला सासूला दर दिवाळीत अर्धा दिवस लागायचा, ते पाच मिनिटांत पाघळून आलं. टीव्हीच्या रिमोटवरचा मळ गेला, त्याबरोबर आकडेही गेले, तेव्हापासून आम्ही अंदाजाने चॅनेल लावतो. पाड्यातल्या बायका रिकाम्या बाटल्या घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. किती पाणी घालायचं, किती वेळ ठेवायचं, मी डॉक्टरसारखी सांगायचे.

कॅनवर गुजरातीत लिहिलं होतं की हातमोजे घालून वापरा. आता मी माहेरची वेवजीची. तिथे बाजारात निम्मं बोलणं गुजरातीत चालतं आणि मला ते वाचताही येतं, तेव्हा वाचता आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. भांडी घासायला हातमोजे, मग जेवायला हेल्मेट घालायचं का, असं मीच म्हणाले होते. बोटांची सालं निघायची. रात्री खोबरेल लावायचं, सकाळी परत बाटली हातात. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

भांडी हे सासूचं खातं होतं. घरामागच्या मोरीवर राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती बसायची. चुलीवरच्या पाण्याचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, मोठं पातेलं असं घासायची की त्यात तोंड दिसावं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ती ते अंगणात उपडं घालायची. मला वाटलं, म्हातारीचे हात कशाला झिजवायचे. एका सकाळी मी पातेल्यात डीग्रीजर ओतून ठेवलं. जर्मनला ते चालत नाही, ते मला मागून समजलं. दुपारी पातेलं आतूनबाहेरून काळंराखाडी पडलं होतं. सासूने ते उचललं, फिरवून बघितलं आणि माळ्यावर सारलं. मी म्हणाले, आई, आता तू बस, खूप घासलंस. मला तेव्हा वाटलं, मी केवढी चांगली सून.

ती बसली. दोन वर्षं बसली. ओट्यावर, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. सकाळ-संध्याकाळ विचारायची, काय करू? मी म्हणायचे, काही नको. तांदूळ निवडू का? निवडलेत. शेजारणी म्हणायच्या, म्हातारीने नशीब काढलं. मीही मान डोलवायचे.

यंदा होळी झाली, घरचं भात संपलं आणि मी पिशव्या घेऊन रेशनला गेले. अंगठा टेकवला. लाल. पुसून टेकवला. लाल. दुकानदाराने केसांवरून फिरवून ठेवायला सांगितलं, तसंही केलं. मग त्याने एकेक करून दहाही बोटं ठेवायला लावली. रांगेतल्या बायका माझी बोटं मोजत उभ्या. माझ्याच बाटलीने ज्यांची घरं उजळली, त्यांचे अंगठे मात्र लागत होते, कारण त्या महिन्यातून एकदा वापरायच्या आणि मी रोज. दुकानदाराने माझं बोट उजेडात धरलं आणि म्हणाला, ताई, हाताला काय लावता? माझं बोट पंख्याच्या पात्यासारखं साफ झालं होतं.

मोबाइलवर नंबर येतो, त्यावरही धान्य देता येतं म्हणाला. पण कार्डावरचा नंबर नवऱ्याच्या जुन्या सिमचा, ते कधीच बंद पडलेलं. बदलून घ्यायला दहा-पंधरा दिवस जातील. महिना संपायला दोन दिवस होते, आणि त्या महिन्याचं त्या महिन्यात उचललं नाही तर ते गेलं. घरी डब्यात दोन वेळचे तांदूळ. दुसऱ्या दिवशी नवरा साबणाने, मग लिंबाने हात धुऊन गेला आणि तसाच परत आला. राग आला, पण कोणावर काढणार, कॅन मीच दर महिन्याला मागवत होते.

कार्डावर उरलं एकच नाव. आईचा लागत नाही हो, कधीच लागला नाही, असं मी सांगत होते, पण दुकानदार म्हणाला, आणा तर खरं. शेवटच्या दिवशी सासूला घेऊन गेले. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. दुकानदाराने तिचा डावा अंगठा धरून मशीनवर ठेवला.

हिरवं.

माझा जीव भांड्यात पडला. दुकानदाराने तिचा अंगठा उलटासुलटा करून पाहिला, म्हणाला, आजी, रेघा परत आल्या तुमच्या, हाताला आराम मिळालेला दिसतो. रांगेतल्या बायका हसल्या, मीही हसले. सासू अंगठ्याकडे बघत राहिली.

परतताना तांदळाची गोण माझ्या डोक्यावर होती, गव्हाची पिशवी तिने हट्टाने घेतली होती. पाड्याच्या वळणावर ती म्हणाली,

"मी आता कायच करत नाय, ते मशीनला पण कळलं."

डोक्यावर गोण होती, म्हणून मला तिच्याकडे बघावं लागलं नाही. दोन वर्षं ती रोज दोनदा विचारत होती, आणि मी रोज दोनदा नको म्हणत होते. लाज वाटली मला, सरळ सांगते.

गोण उतरवली आणि माळ्यावरचं पातेलं काढलं. चुलीतली राख टोपलीत भरली, शेंडी घेतली, सगळं मोरीवर तिच्यासमोर ठेवलं. तिने आधी पातेल्याकडे, मग अंगठ्याकडे बघितलं.

"रेघा जातील," ती म्हणाली.

"उजव्याने घास," मी म्हणाले. "डावा रेशनला ठेवू."

आता ती रोज घासते. पातेलं पायाने दाबून धरते, उजवा हात राखेत, आणि डावा गुडघ्यावर कोरडा. शेजारी मी नवऱ्याने आणलेले रबरी हातमोजे घालून शेगडी पुसत असते, त्यावरून ती मला रोज हसते. आतून पातेलं आठवड्यात उजळलं. बूड तेवढं काळं राहिलं आहे, तेही आणखी चार दिवसांत निघेल, असं ती म्हणते. गॅसवर पाणी लवकर तापतं, पण मी ते पातेलं रोज पहाटे चुलीवरच ठेवते.