केझीचा हायरम

आमच्या खोऱ्यात आडनाव निव्वळ शोभेला असतं. फार पूर्वी दक्षिणेच्या कड्याखाली कुणी एक मेंढपाळ राहायचा; लोक त्याला ‘दक्षिणकड्याचा’, म्हणजे सटक्लिफ म्हणायचे. त्या भल्या माणसाचा वंश असा फोफावला की प्रार्थनाघरात डोळे मिटून खडा मारला तरी तो सटक्लिफलाच लागावा. काही हॅलिफॅक्सच्या गिरण्यांत गेले, काही बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला. तिकडे त्या नावाचा काही उपयोग होत असेल. इथे घरोघरी तेच, म्हणून आम्ही माणूस ओळखतो तो आईबापांच्या नावाने.

त्यामुळे केझिया ही ‘जॅकच्या सॅलची केझी’, म्हणजे जॅकची लेक सॅल, तिची ही लेक. जन्माने सटक्लिफ आणि नवराही सटक्लिफ. लग्नात बाकीच्या बायकांचं आडनाव बदलतं, माझं नुसतं धुऊन परत आलं, असं ती म्हणायची. जिभेला धार होती. नवरा दगडखाणीच्या धुळीने खोकून खोकून गेला. मुलगा हायरम एकुलता एक, तोही त्याच खाणीत लागला, कारण दुसरं होतंच काय? संध्याकाळी तो वळणावर दिसेपर्यंत ती दारात उभी असायची, आणि दिसला की चिखलाच्या बुटांवरून त्याला बोलायला सुरुवात करायची.

शेजारी तिची नणंद रूथ. तीही सटक्लिफांच्याच घरी दिलेली, आणि तिच्या मुलाचंही नाव हायरमच. दोघांना आजोबांचं नाव ठेवलेलं, आणि ते म्हातारे हायरमही अजून खाणीतच राबत होते. एका खाणीत तीन हायरम सटक्लिफ, पण कधी घोटाळा झाला नाही. मग लंडनकडून पेंबर नावाचा नवा व्यवस्थापक आला. केझीचा, रूथचा, म्हातारा, ही हाक मारायची पद्धत त्याला गावंढळ वाटली. माझ्या खाणीत बाप्तिस्म्याचं नाव आणि आडनावच चालेल, असं त्याने फर्मावलं. शिकलेल्या मूर्खासारखा मूर्ख नाही, हे मी खाणीत तेव्हाही म्हणत होतो.

ऑक्टोबरातली सकाळ होती. केझी ओटच्या भाकऱ्या तव्यावर टाकत होती, रूथ अंगणात कपडे पिळत होती. खाणीचा गाडीवान घोडा फेसाळेपर्यंत दामटत आला. कडा कोसळलाय आणि हायरम सटक्लिफ खाली सापडलाय, एवढंच त्याने सांगितलं.

"कुणाचा?" दोघींनी एकदम विचारलं.

"साहेबांनी एवढंच नाव सांगून पिटाळलं. पण जिवंत आहे. हाक मारली की ओ देतोय."

दोघी हातात हात घालून चढावाला लागल्या. अर्ध्या वाटेत म्हातारा हायरम भेटला, खांद्यावर बोथट छिन्न्यांची पिशवी. साहेबाने हायरम सटक्लिफ म्हणून हाक मारली आणि लोहाराकडे धाडलं, म्हणाला. कडा पडायच्या आधीच तो निघाला होता. ऐकलं तशी पिशवी तिथेच टाकून तो मागून धडपडत येऊ लागला.

म्हणजे उरले दोघंच. केझीने रूथचा हात सोडला. पुढे तिने मला सांगितलं, "मी देवाजवळ रूथचा पोरगा मागत होते रे. खाली तो असू दे म्हणत होते. आणि ती माझा मागत असणार, मग हात कसा धरायचा?"

त्या पोचल्या तेव्हा आम्ही ढिगारा उपसून एकाला बाहेर ओढला होता. रूथचा हायरम. बेशुद्ध, पण श्वास चालू. साहेबाच्या हिशेबाने खाली एकच होता, म्हणून आम्ही पहारी टाकल्या, कुणी टोप्या उडवल्या. रूथ त्याच्या अंगावर कोसळून रडायला लागली. केझीने आमच्यातल्या एकेकाकडे बघितलं, आणि मग माझा कुठाय, म्हणाली.

पेंबर अगदी धीराने म्हणाला, "बाई, दुसऱ्या हायरम सटक्लिफला मी सकाळीच लोहाराकडे पाठवलंय."

"तो म्हातारा," केझी म्हणाली. "हा काय मागून येतोय."

तेवढ्यात रूथच्या हायरमने डोळे उघडले. बोलताना त्याच्या तोंडातून माती येत होती.

"मामी, मला बोलताच येत नव्हतं. ओ तुझा हायरम देत होता."

आम्ही पुन्हा पहारी उचलल्या. केझी नुसत्या हातांनी दगड ओढत होती, नखं निघाली तरी थांबेना. "केझीचा हायरम! अरे, जॅकच्या सॅलच्या केझीचा हायरम!" ती हाका मारायची आणि आम्ही सगळे श्वास रोखून ऐकायचो. आम्ही टोप्या उडवत होतो तेव्हा तो ओ देत असेल का, हा विचार मला अजून जेवू देत नाही. आता ढिगाऱ्यातून काही आलं नाही. दिवस मावळायच्या आत तो सापडला.

कबरीचा दगड त्याच खाणीतला. केझीने त्यावर ‘केझीचा हायरम’ एवढंच कोरायला सांगितलं. आडनाव तरी असावं, असं पाद्रीबाबांनी हळूच सुचवलं.

"इथे किती हायरम सटक्लिफ पुरलेत ते बघा," ती म्हणाली. "शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेलेल्यांना उठवायला वरून नुसतं तेच नाव पुकारलं, तर कुणीतरी दुसराच उठेल. आणि माझा पुन्हा खालीच राहील."