दूध ओतू नये

जुन्या दगडांची साफसफाई करणाऱ्यांकडे किस्से शेवाळासारखे साठतात. मुद्दाम कुणी लावत नाही, थोडी ओल मिळाली की पुरे! दरेकशाच्या डोंगरातल्या त्या छोट्या देवळाच्या कामावर आम्ही तिघं होतो: नागपूरचे देवगडे साहेब, गाडी चालवणारा आणि जगाशी बोलणारा बिसेन, आणि मी, केमिस्ट. ओल भरपूर होती.

*

गोंदियाजवळ कुडव्याला खोली भाड्यानं घेतली तेव्हा घरमालकानं विचारलं, "मॅडम, काम क्या करते आप?"

म्हटलं, "जुन्या दगडांवरची बुरशी, शेवाळ, जंतू काढतो."

"मतलब पत्थर को भी इन्फेक्शन होता है!"

मालकीणबाईंचा विचार वेगळाच. दगडफूलही निघतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मंग फेकता कायले? घेऊन या ना, मसाल्यात टाकतो!"

*

देवळासमोर एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा पूर्वजाचा कोरीव दगड. गाव त्याला 'बाबा' म्हणतं आणि दर सोमवारी त्याच्यावर दूध घालतं. दुधानं दगडावरचं सगळं जोमानं वाढतं. साहेब कडाडले, "अहो, तुम्ही बाबाला नाही, जंतूंना जेवू घालताय!"

मग त्यांनी मोठा बोर्ड लावला: 'दूध ओतू नये.'

पुढच्या सोमवारी गेलो तर बाबा कोरडा. साहेब खूश! मग बिसेननं बोटानं दाखवलं. बोर्डाला शेंदूर लागला होता आणि त्याच्या खालची माती दुधानं ओली होती.

*

गावातले एक काका अभिमानानं सांगायला आले. "साहेब, तुमच्या आधी आमीच साफ केलं होतं. भिंतीले बाथरूमचं अ‍ॅसिड मारलं. एकदम चकाचक! बाबाले मात्र हात नाही लावला, कोपते."

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मंग काय, पावसाळ्यात पह्यलेपेक्षा जास्त हिरवं आलं. उपजाऊ आहे जी आमच्याकडचा दगड!"

अ‍ॅसिडनं दगड खरबरीत होतो, खाचांत पाणी मुरतं आणि हिरवं दुपटीनं येतं. हे समजावून सांगायची ताकद साहेबांत उरली नव्हती. त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा उघडला नाही.

*

सुभद्राबाई रहांगडाले या बाबाच्याच घराण्यातल्या सून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी पोरगा मागे लागून थकला होता. "आता पाहाचं काय राहिलं?" म्हणायच्या.

एक दिवस काठी टेकत आमच्याकडे आल्या. "लग्न होऊन आली तवापासून बाबाचं तोंड हिरवंच पाहून राहिली. आता दिसन का रे?"

"माय, मिशीचा केस न् केस दिसन!" बिसेननं ठोकून दिलं.

साहेब त्याच्यावर खूप चिडले. पण बाई ऑपरेशनला तयार झाल्या होत्या. गोंदियाला निघताना आमच्यासमोर थांबून म्हणाल्या, "येतो मी डोळे घेऊन."

त्यानंतर साहेबांनी बाबाच्या तोंडाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

*

औषधानं वरचा थर मेला, सुकला. साहेबांनी अगदी मऊ ब्रश घेतला. थर सुटला, आणि त्याच्या पाठीला चिकटून बाबाचं तोंडही सुटलं. नाक, मिशी, डोळे, सगळं साहेबांच्या तळहातावर क्षणभर होतं. मग त्याची वाळू झाली.

बिसेन हळूच म्हणाला, "चिकटवता येते का जी?"

"रवा चिकटवता येतो का, बिसेन?"

दगड आतून कधीच खाऊन झाला होता. ज्यांनी तो खाल्ला त्यांनीच त्याला बाहेरून धरून ठेवलं होतं, आणि आम्ही त्यांना मारलं. मला रडू आलं. बिसेन गाडीत जाऊन बसला आणि दिवसभर कुणाशीच बोलला नाही. बिसेन!

*

सुभद्राबाई सोमवारीच आल्या. काळा चष्मा, अंगावर नवं लुगडं. चष्मा काढून त्यांनी बाबाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढे होऊन तोंडाच्या जागी हात फिरवला. हाताला वाळू लागली, ती त्यांनी पदराला पुसली नाही.

त्या आमच्याकडे वळल्या.

म्हणाल्या, "दूध नाही आणलं जी साहेब. तुमीच नाही म्हटलं होतं ना."

साहेब उठले. आमच्या चहाच्या दुधाचं पातेलं उचललं, बोर्डाला वळसा घालून बाबासमोर गेले आणि थेंब न थेंब त्याच्यावर ओतलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी काळा चहा घेतला.