मारोतीअण्णांनी घडवलेला पाय

मारोतीअण्णा गल्लीत आले की बायका दोरीवर वाळत घातलेलं धुणं उचलून घरात नेत. अण्णा काही चोर नव्हते. पण हाताला लागेल त्या कापडाचा एक धागा उसवायचा, तो कानाजवळ नेऊन तोडायचा आणि त्याचा आवाज ऐकायचा, ही त्यांची खोड होती. "झकास हाय," किंवा "ह्यात दम न्हाय," एवढं बोलून ते पुढे जात. एकदा एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाच्या उपरण्याचा धागा तोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात 'दम न्हाय' म्हणून सांगितलं. तेव्हापासून कळंबात लोक त्यांना अक्षता पडल्यानंतर थेट जेवायलाच बोलवत.

मी तेव्हा कळंबच्या शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य होतं आणि तिकडे दुसरी जागतिक लढाई चालली होती. हैदराबादेत उर्दूतून इंटरपर्यंत सायन्स शिकून आलेला म्हणून गावात मला जरा भाव होता, आणि मी स्वतःला देत होतो तो त्याहून जास्त. एकदा भूमहून येताना बैलगाडी उलटली. डावा पाय चाकाखाली आला, जखम चिघळली आणि सोलापूरला नेऊन तो गुडघ्याखाली कापावा लागला. वय पंचवीस. मुंबईला तयार पाय मिळत, पण ते सगळे फौजेकडे जात होते. त्यात शाळा तपासणाऱ्या साहेबांचं पत्र आलं. फळ्यापाशी उभं राहून शिकवता न येणाऱ्या मास्तरला ठेवता येणार नाही. येत्या अमरदाद महिन्यात, म्हणजे जूनमध्ये, ते स्वतः येऊन बघतील. मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. ते गेलं असतं तर भूमला जाऊन आईच्या डोळ्यांसमोर ओसरीवर बसून राहायचं, एवढंच उरलं असतं. त्या विचारानं माझी झोप उडाली होती.

दिवाळीनंतर एका सकाळी मी कुबड्या टेकत अण्णांच्या दुकानावरून चाललो होतो. अण्णा जातीचे जीनगर. खोगीर करावं तर त्यांनीच, असं बार्शीपर्यंत लोक म्हणत. पण घोडी कमी होत चालली होती, म्हणून मोटा शिवणं, पालख्या रंगवणं असली कामंही ते करत. त्यांनी हाक मारली आणि माझ्या तोंडाकडे किंवा पायाकडे न बघता कुबडीला गुंडाळलेली चिंधी चाचपली.

"हे कुणी बांधलं?"

"मीच."

"गाठ बगलेत आलीय. घट्टा पडंल. बसा खाली, मास्तर."

मी बसलो. त्यांनी गाठ सोडून चिंधी नीट बांधली आणि मग विचारलं, "पाय का न्हाय करून घेतला?" मी लढाई, फौज, मुंबई असं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "घोड्याच्या पाठीवर माणूस बसतो, ते वझं मी पाठीला लागू देत न्हाय. तुमच्या गुडघ्याखाली तुमचंच वझं हाय. त्यात काय अवघड?"

मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी मी गेलो. अण्णांनी काळी माती मळून माझ्या गुडघ्याखालच्या भागाचा साचा घेतला. मग बोटानं दाबत विचारू लागले, "इथं दुखतं? इथं?" मी प्रत्येक वेळी 'नाही' म्हणालो. त्यांनी हात थांबवला. "घोडं बरं. त्याला बोलता येत न्हाय, म्हणून त्याच्या पाठीकडं बघावं लागतं. तुमाला बोलता येतं, पर खरं सांगायला लाज वाटती." त्यानंतर मी दुखेल तिथं दुखतं म्हणू लागलो.

त्यांची कामाची रीत बघताना मला पहिल्यांदा कळलं की मी सायन्स नुसतं पाठ केलं होतं. साच्यावर जाडभरडं कापड, त्यावर लाख, त्यावर बांबूच्या बारीक कामट्या, पुन्हा कापड, पुन्हा लाख. कापडाचा एक थर उभा, दुसरा आडवा, तिसरा तिरपा. मी कारण विचारलं. त्यांनी एक फडकं माझ्या हातात दिलं. "फाडा." उभं फाटलं, आडवंही फाटलं. तिरपं काही केल्या फाटेना. "माणूस चालताना नुसता खाली दाबत न्हाय, पिळतो बी. पीळ कुण्या बाजूनं येईल सांगता येत न्हाय. म्हणून सगळ्या वाटांवर धागा राखणीला ठिवायचा."

"मग लाख कशाला?"

"धाग्याला वढ सोसती, दाब सोसत न्हाय, लगेच मुडपतो. लाखंला दाब सोसतो, वढ दिली की तडकती. दोघांची सोयरीक लावून द्यायची. आपलं काम मधल्या माणसाचं."

तळाला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं पाऊल आणि त्याखाली मोटारीच्या जुन्या टायरचा तुकडा. आत घोंगडीचं अस्तर. पौषात पाय तयार झाला. लाखेची चकाकी अशी की पाहणाऱ्याला माझ्या खऱ्या पायाची कीव यावी. मी फळ्यापाशी उभा राहिलो, दोन तास शिकवलं, हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. मी कुबड्या माळ्यावर टाकल्या आणि धोतर मुद्दाम जरा वर खोचून गावभर हिंडू लागलो.

वैशाखातल्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी मी उन्हात उभा राहून एका पालकाशी गप्पा मारत होतो. बोलता बोलता मला वाटलं, आपण बुटके होत चाललोय. पाय मऊ पडला होता. मी सावरायच्या आत तो पोटरीत वाकला, एक कामटी बाहेर आली आणि मी मिरच्यांच्या ढिगात तोंडावर पडलो. लोक धावले. त्यांतले निम्मे हसत होते आणि मी शिंकत होतो. रडूही येत होतं, पण ते मिरच्यांवर खपून गेलं.

मला उचलून अण्णांच्या दुकानात आणलं. त्यांनी पाय हातात घेऊन अंगठ्यानं दाबला. अंगठ्याचा ठसा उमटला. "लाख ऊन लागल्यावर मऊ पडती, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय," ते म्हणाले. "आमी पालख्याच रंगवत आलो. पालखी सावलीत उभी राहती. म्या तुमच्या पायाला गूळ बांधला, मास्तर."

साठीचा माणूस माझ्यापुढे मान खाली घालून बसला होता. मी रागावून आलो होतो, पण माझा राग जागच्या जागी जिरला.

जून महिन्याभरावर आला होता. दुसऱ्या दिवशी अण्णांनी दुकानाच्या पत्र्यावर चार पट्ट्या मांडल्या. सगळ्यांत कापड तेच, कामट्या त्याच. फक्त मधला चिकटा वेगळा: एकीत लाख, दुसरीत चिंचोक्याची खळ, तिसरीत कातड्यापासून केलेला सरस, चौथीत नासवलेल्या दुधाचा चोथा आणि चुना एकत्र घोटून केलेला लगदा. प्रत्येक पट्टीचं एक टोक पत्र्याबाहेर काढून त्याला सारख्या वजनाचा दगड टांगला. रोज संध्याकाळी ते सुतळीनं मोजत, कोण किती वाकलं. लाखेनं पहिल्याच दिवशी दगड खाली टेकवला. खळीच्या पट्टीला मुंग्यांनी पोखरलं. सरस उन्हात टिकला, पण बादलीत बुडवल्यावर विरघळला. दूध-चुन्याची पट्टी आठ दिवसांत उन्हात वाकली नाही आणि पाण्यात सुटली नाही.

"का?" मी विचारलं. इंटरपर्यंत शिकलेला मीच विचारत होतो.

"गूळ आणि भाकरी," अण्णा म्हणाले. "गूळ तापवा, पातळ हुतो. थंड करा, घट्ट. परत तापवा, परत पातळ. लाखंची जात ती. भाकरी एकदा भाजली की मागारी पीठ हुती का? हा चुना दुधाला तसा पक्का करतो. कामाला लावायच्या आधी वळखावं, गूळ हाय का भाकरी."

दुसरा पाय घडू लागला. आत दूध-चुना आणि बाहेरून करडईच्या तेलाचं रोगण. तेल दिवसभर चुलीवर आटवून काकवीसारखं दाट झालं की आमच्याकडे ते मोटेला आणि नाड्याला चोळत, म्हणजे पाणी शिरत नसे. तेही एकदा वाळलं की परत पातळ होत नाही. सगळं जमलं, पण वाळायला वेळ लागत होता. शाळा उघडली. साहेब गुरुवारी येणार असा निरोप आला. सोमवारी मी अण्णांपुढे हात जोडले, "द्या आता. नोकरी जाईल माझी."

"तव्यावरची भाकर अर्धी कच्ची उचलून खाता का?"

"अण्णा, दिसतोय तर तयार!"

"दिसायला पहिलाबी तयार हुता." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एकदा पाडलं म्या तुमाला. साहेबासमोर पाडू का?"

मी तीन दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. बुधवारी दिवस मावळायच्या आत त्यांनी स्वतः पाय घरी आणून दिला. दिसायला मातकट, आंबूस वास येणारा. तो घालून शाळेत निघालो तर गल्लीतलं एक मांजर शाळेच्या फाटकापर्यंत मागं आलं.

साहेबांनी पूर्ण तास मला फळ्यापाशी उभं ठेवलं. मग म्हणाले, "चला, शाळेचं आवार दाखवा." बाहेर पाऊस भुरभुरत होता, काळ्या मातीचा चिखल झाला होता. मी त्यांच्याबरोबर पूर्ण फेरी मारली. पाय वाकला नाही, भिजला नाही. फाटकाशी त्यांनी विचारलं, "ये पैर बंबई में बनवाया?" मी म्हणालो, "जी नहीं, यहीं. घोड़े की ज़ीन बनानेवाले ने." मला कायम ठेवल्याचा शेरा त्यांनी तिथेच लिहून दिला.

मी पेढे घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी पेढे बाजूला ठेवले, पाय काढायला लावला आणि माझ्या गुडघ्याखालची कातडी उजेडाकडे धरून तपासली. एका जागी सुपारीएवढा लाल डाग होता. "साहेबानं पास केलं, कातडीनं न्हाय," म्हणत ते घोंगडीचं अस्तर काढू लागले. त्या माणसाला शाबासकी घेताच येत नव्हती. मी त्यांना आयुष्यात एकदाही 'तुमच्यामुळे मी उभा आहे' असं म्हणालो नाही. म्हणालो असतो तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

त्यानंतर चार वर्षांनी, भादव्यात, अण्णा दम्यानं गेले. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मी पुढे होऊन खांदा द्यायला गेलो तर त्यांचा पुतण्या हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी ऱ्हाऊ द्या. वाट चिखलाची हाय, वझं बी हाय." त्याचं खोटं नव्हतं. माझ्या एका पायावर मी स्वतःला सांभाळत होतो, इतकंच सगळ्यांनी पाहिलं होतं. मी पुढचा दांडा खांद्यावर घेतला.

नदीकडे जाणारी वाट निसरडी होती. दोनदा डाव्या पायाची टाच घसरली आणि दोन्ही वेळा थांबली. अर्ध्या वाटेवर विसावा आला, तिरडी खाली ठेवली, माणसं खांदे बदलू लागली. पुतण्या परत म्हणाला, "आता तरी द्या, मास्तर." मी नको म्हणालो. मी लहान मुलासारखा रडत होतो. पण पुन्हा दांडा उचलला आणि घाटापर्यंत नेला. अण्णांचं सगळं ओझं माझ्या डाव्या खांद्यावर होतं, आणि ते खाली जमिनीपर्यंत त्यांच्याच हातचा पाय पोचवत होता.