अंग दुखलं म्हणजे ताकद आली?

डॉक्टरांनी लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी होतं.

"हे रक्त नाही," ते म्हणाले. "सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी दिसत नाहीत. यांच्या मांड्यांचे स्नायू फुटलेत. त्यांतलं मायोग्लोबिन लघवीतून बाहेर पडतंय."

मायोग्लोबिन म्हणजे स्नायूला लाल रंग देणारा पदार्थ, असं त्यांनी समजावलं. तो फार झाला की मूत्रपिंडांत अडकतो. मूत्रपिंडं बंद पडली तर इथे आपल्या हातात फारसं काही उरत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात मला एवढंच कळलं, की माझा नवरा बैठका काढून मरायला टेकलाय. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

हे कचेरीत कारकून. अंगाने किडकिडीत, म्हणून गल्लीत सगळे काडीपैलवान म्हणत. ते मनाला लागलं आणि हिवाळ्यात ह्यांनी तालीम धरली. पहिले काही दिवस जिना उतरताना कण्हत, पण कण्हताना चेहरा कसा, तर बढती मिळाल्यासारखा. तालमीचे वस्ताद नाना रोज विचारत, "आंग दुखस ना? मंग मेहनत लागनी." ते वाक्य ह्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की मलाही पाठ झालं.

नानांचा दुसरा नियम म्हणजे मेहनतीनंतर पुष्कळ वेळ पाणी प्यायचं नाही. हे घामाने निथळत घरी यायचे, मी तांब्या पुढे करायची आणि हे मान फिरवायचे.

उन्हाळा लागला आणि दुखणं थांबलं. बैठका सहज निघू लागल्या. दुसरा कुणी खूश झाला असता. ह्यांना वाटलं, अंग आळसावलं, मेहनत लागेनाशी झाली. एका सकाळी पैज मारून, मांड्या भरून येईपर्यंत थांबायचंच नाही असं ठरवून, हजारावर बैठका काढल्या. त्यात आमच्याकडचं वैशाखाचं ऊन, आणि दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या सुजून टणक झाल्या, हात लावू देईनात. तरी चेहऱ्यावर समाधान होतंच. सासूबाई तेल चोळायला बसल्या. मग तसली लघवी झाली आणि समाधान कुठल्या कुठे पळालं.

दवाखान्यात सलाईन लावलं, म्हणजे शिरेतून मिठाचं पाणी सोडलं. आम्ही फक्त लघवी किती होते ते बघायचं. पहिल्यांदा जेमतेम पळीभर झाली. डॉक्टरांनी ती दोनदा मोजली, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

बाहेर बाकावर सासूबाई आणि मी. एरवी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्या देवापाशी मुलाची लघवी मागत होत्या, मीही दुसरं काय मागणार?

नाना भेटायला आले, भिंतीला टेकून उभे राहिले. "मन्हा वस्तादनी माले पानी पेऊ दिन्हं नही," ते म्हणाले, "म्हनीसन मीबी कोनले दिन्हं नही." मला त्यांना खूप काही सुनवायचं होतं. पण ते सासूबाईंच्या पायाशी खाली बसले, आणि माझा राग तिथेच विरला.

डॉक्टरही रागावले नाहीत. म्हणाले, "नाना, नव्या मेहनतीने अंग दुखतं. सवय झाली की दुखत नाही. म्हणून मेहनत वाया गेली असं नाही. काल जड गेलेलं आज हलकं गेलं, की ताकद वाढली समजा. आणि तालमीत पाण्याचा माठ ठेवा."

बरेच दिवस जीव टांगणीला होता. मग एका सकाळी बाटली भरली. सासूबाईंनी ती नर्सच्या हातून ओढून घेतली आणि खाटेखाटेपाशी जाऊन दाखवली. "दखा, पिवयं शे." पिवळी लघवी बघून कुणीही नाक मुरडलं नाही. एका म्हातारीने तर हात जोडले.

तुमच्या घरचं कुणी तालमीत जात असेल, तर थोडंफार ठणकण्याला घाबरू नका. पण अंगाला हात लावू देत नसेल, सूज असेल, लघवी काळसर होत असेल, तर तेल चोळत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण सगळ्यांनाच वेळेवर असा डॉक्टर भेटेल असं नाही.

घरी आल्यावर ह्यांना जमिनीवरून उठवायला आम्ही दोघी लागायचो. काडीपैलवानाची नुसती काडी उरली होती. दसऱ्याच्या सुमारास एकदा जेवण झालं, आणि हे हात न टेकता पाटावरून उठले. उठले आणि तसेच उभे राहिले.

"दुखलं का?" मी भीतभीत विचारलं.

"नाही," हे म्हणाले. मग मांडी दाबून बघत, "जराही नाही."

दुखलं नाही म्हणून ह्यांना आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघत होते. सासूबाईंनी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग माझ्याही.