सहा कागदांवरचा पत्ता

मिलिंद गेल्याचा त्याच्या बायकोचा, वंदनाचा फोन आला तेव्हा मी पवईच्या एका हॉटेलात परदेशी शिष्टमंडळासाठी पुष्पगुच्छ लावत होतो. एका व्यापारी संघटनेच्या नोकरीत माझं आयुष्य याच कामात गेलं. "दवाखान्यातच गेला रे... खुर्चीत बसल्या बसल्या," एवढंच ती बोलली. मी हातातले पुष्पगुच्छ लावून संपवले आणि मगच निघालो. त्याची अजून लाज वाटते.

डॉ. मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. घाटकोपरच्या डोंगरउतारावर त्याचा दवाखाना. सर्दी-तापाच्या पेशंटांबरोबर त्याच्याकडे एका देशातून जीव घेऊन पळालेली माणसंही यायची. कुणाची नखं उपटलेली, कुणाच्या तळपायावर तारेचे वळ, कुणाच्या पाठीवर गरम इस्त्री ठेवलेली. मिलिंद कागदावर माणसाची आकृती काढायचा आणि लाल पेन्सिल पेशंटच्याच हातात द्यायचा. "कुठं मारलं ते तू दाखव. मी फक्त सही करणार." सामी नावाच्या एका शिक्षकानं आकृतीचे हात रंगवताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. त्याची स्वतःची सात बोटं हातोडीनं ठेचलेली होती.

तेव्हा त्या देशाशी आपलं वाजलेलं होतं, त्यामुळे मिलिंदचे कागद साहेबलोकांना फार प्रिय. दिल्लीचा माणूस येऊन प्रती घेऊन जायचा, मग भाषणांत 'मानवतेला काळिमा' वगैरे यायचं. पुढे स्वस्त तेलाची बोलणी सुरू झाली, तिकडचे मंत्री मुंबईत येणार असं ठरलं, आणि तो काळिमा कुणाला दिसेनासा झाला. गरज सरो, वैद्य मरो... आमचा तर खराखुरा वैद्य होता.

त्या दौऱ्याच्या तयारीत मीही होतो. आणि मला शहाणपण सुचलं.

"मिल्या, फाइल दे. नावं, पत्ते, सगळं नीट लाव. अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत, पाहुण्यांसमोर विषय काढतील."

"पत्ते कशाला रे?"

"पत्त्याशिवाय सरकारी कागद पुढे सरकतो का कधी?"

माझ्या शब्दाखातर त्यानं पत्ते लिहिले, आणि फाइल मी स्वतः अधिकाऱ्यांच्या हातात दिली.

पाहुणे उतरायच्या आदल्या सकाळी त्या सगळ्या घरांचे दरवाजे फोडले गेले. सामीला केसांना धरून जिन्यावरून ओढत नेलं, प्रत्येक पायरीला डोकं आपटत. मिलिंद आडवा गेला तर तोंडावर दंडुका बसला, दोन दात जिन्यातच पडले. दुसऱ्या दिवशी स्वागत समारंभात मी टाळ्या वाजवत होतो. पकडलेल्या सगळ्यांना त्यांच्या देशात परत पाठवलं. महिन्याभरात सामी तिकडच्या तुरुंगात मेला.

ते कळलं त्या दिवशी मिलिंद माझ्या ऑफिसात आला आणि शिपायासमोर माझ्या कानाखाली वाजवली. मग कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. "पत्ते तू मागितलेस ना? तू!" मी हात उचलला नाही. मिळाला तो मार कमीच होता. त्यानंतर तो माझ्याशी कधी मोकळं बोलला नाही.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी वंदनानं मला दवाखान्यात बोलावलं. कपाटात नव्या सहा पेशंटांचे कागद होते. आकृत्या, लाल खुणा, आणि सहाही कागदांवर एकच पत्ता: मिलिंदच्या घराचा.

"दोनदा घरी येऊन गेले पोलीस," वंदना म्हणाली. "एकदा तर त्याला ढकलून पाडलं. हा खाली पडल्या पडल्या सांगतोय, सगळे इथंच राहतात, आत्ता बाहेर गेलेत." ती एवढं बोलून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी आता लेकीकडे नाशिकला चाललेय. आमचं घर राहणार नाही. या सहा जणांचा पत्ता कुठला लिहू रे?"

माझी सून पोटुशी आहे, हे मी तिला बोलून दाखवलं. खोटं कशाला सांगू? मी पेन घेतलं आणि सहाही कागदांवर माझा मुलुंडचा पत्ता लिहिला. मी लिहिलेलं हे सगळं छापून आलं की साहेबलोकही वाचतील. वाचू देत. घरच्यांना सांगून ठेवलंय, बेल वाजली की दार मीच उघडणार.