नळीतलं जाळं

भिंगबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं हॉस्पिटलात कुणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं भिंगाला डोळा लावून बसलेली बाई! जीभ फटकळ, काम चोख. मोठे डॉक्टरसुद्धा लॅबच्या दारात जरा दबकूनच उभे राहायचे.

लहान मुलाच्या मणक्यातलं पाणी तपासायला आलं, की मात्र बाई कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मेंदूच्या आवरणाला सूज कशानं आली, ते त्या पाण्यातून कळतं. गढूळ असलं तर बहुधा पू करणारे जंतू; नितळ असलं तर बहुतेक वेळा विषाणू, आणि मूल आपसूक बरं होतं. पण नितळ पाण्यात क्षयही दडी मारून बसतो मेला! म्हणून बाई उरलेलं पाणी नळीत तसंच ठेवायच्या. "बाईंनी मुरत घातलंय," अशी टिंगल व्हायची.

त्या सोमवारी चार वर्षांच्या मुलीचं पाणी आलं. नितळ, साखर जराशी कमी. "विषाणूच आहे, बाई," तरुण डॉक्टर म्हणाला. "ताप उतरतोय. उद्या घरी सोडतो."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली; विषाणूनं साखर सहसा घटत नाही. उरलेलं पाणी त्यांनी नळीत ठेवून दिलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी नळी उजेडात धरली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी तरंगत होतं. क्षयाचं पाणी रात्रभर ठेवलं, की असंच जाळं धरतं. जाळं अलगद उचलून त्यांनी काचपट्टीवर पसरलं, रंगवलं आणि भिंगाखाली घेतलं. पाऊण तास काही दिसेना. मग निळ्या रंगात एक लाल काडी दिसली, क्षयाचा जंतू. मग दुसरी.

डॉक्टरनं भिंगात पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. दोघंही वॉर्डाकडे धावले. तिथे आई पिशवी भरत होती, बाप पोरीच्या पायात बूट घालत होता. डॉक्टरनं धापा टाकतच काय सापडलं ते सांगितलं.

"क्षय? काल तर बरी आहे म्हणालात!" बाप उसळला. "खेळ लावलाय का?"

पेशंटशी कधी न बोलणाऱ्या भिंगबाई खाटेवर टेकल्या. "रागवा, दादा. पण इथे नव्यानं कामाला लागले तेव्हा अशीच एका पोराची नळी मी धुऊन टाकली होती. ते पोर वाचलं, पण पुन्हा उभं राहिलं नाही. तुमची पोर अजून धडधाकट चालतेय. औषध आजच सुरू करू. वर्षभर घ्यावं लागेल, पण वेळेत सापडलंय."

बापानं पोरीचे बूट काढायला घेतले.

"म्हणजे घरी नाही जायचं?" पोरीनं ओठ काढला.

"जायचं की गं," बाई म्हणाल्या. "आपल्या पायांनी जायचं."