पाठीवरचे त्रेसष्ट

नरसय्या गेल्याचे त्याच्या पत्नीने, लक्ष्मीने, मला फोनवर कळवले. त्यानंतर महिनाभर पुरवण्यांतून त्याच्यावर इतके छापून आले, की अकरा वर्षे मी याच माणसाबरोबर काम केले का, अशी शंका यावी. सिनेमाच्या नटांना जुन्या तैलचित्रांच्या पद्धतीने रंगवणारा स्वप्नांचा चित्रकार, असे त्याला म्हणतात. मान्य. मात्र ही दृष्टी त्याला परदेशी पुस्तकांतून मिळाली आणि कलेसाठी त्याने नोकरीवर लाथ मारली, हे साफ खोटे आहे.

नवी पेठेजवळच्या कारखान्यात आम्ही सिनेमाचे फलक रंगवत असू. चेहरे त्याचे, अक्षरे माझी. आठ फळ्यांचा एक फलक. फलक चढवणाऱ्यांना क्रम कळावा म्हणून फळ्यांच्या पाठीवर आकडे मी टाकत असे. एकदा घाईत, फळ्या खाली डोके वर पाय अशा उभ्या असतानाच मी ते टाकले. फळ्या सुलट होताच तीनचा सहा झाला, सहाचा तीन. फलक चढला तेव्हा नायकाच्या डोळ्यांच्या जागी पिस्तूल होते आणि कमरेवर दोन डोळे. रस्ता हसत होता. नरसय्या मात्र बघतच राहिला... "अण्णा, राहू दे की. आत्ता कुटं चित्र आपल्याकडं बघायला लागलंय."

मालक ओरडले, "हीरोला कमरेनं बघायला लावलं कुणी?"

माझ्याकडे एकदा पाहून नरसय्या म्हणाला, "मीच, मालक. आकडे मी टाकले."

अक्षरात माझी चूक होत नाही, असा माझा लौकिक होता. तो मी सांभाळला. त्याला त्याच दिवशी काढून टाकण्यात आले.

तो यंत्रमागावर गेला. छातीत कापसाची धूळ साठत गेली आणि सुट्टीच्या दिवशी तपकिरी अस्तरावर जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगाचे पातळ थर चढत गेले. एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. खोकल्याने ब्रश हलू नये म्हणून तो श्वास रोखून धरी, असे लक्ष्मी सांगते. मी पाहिलेले नाही. मी त्याच्या घरी कधी गेलोच नाही. आमचा छत्तीसचा आकडा आहे, असे गावभर मीच सांगत राहिलो...

दिवसकार्यानंतर लक्ष्मीने एक चित्र माझ्या हाती दिले. कमरेवर डोळे असलेला नायक. "लई वाट बघितली त्यांनी, अण्णा. हे तुमचंच, असं म्हणायचे."

त्याच्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर कोपऱ्यात ६३ लिहिलेले आहे. अभ्यासक त्याला अनुक्रमांक म्हणतात. मग सगळ्यांवर एकच कसा? छत्तीसमध्ये तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात; त्रेसष्टमध्ये समोरासमोर येतात. हे मला वाचता यावे, एवढीच त्याची अपेक्षा होती.

ते चित्र मी भिंतीकडे तोंड करून टांगले आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "अण्णा, उलटं टांगलंय की."

मी म्हणतो, राहू दे.